भाचा चिलकाला गेलाय: नव्या सेलरला आरमाराचा वारसा सांगायचा तर काय सांगावं?

इंजिनरूम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा दोन आठवड्यांपूर्वी ओडिशात आयएनएस चिलकाला रुजू झाला. माण तालुक्यातलं पोर. पाण्याचा टँकर रोज पाहिलेला, समुद्र मात्र दोनदाच: एकदा शाळेच्या सहलीत गणपतीपुळ्याला आणि एकदा माझ्याकडे मुंबईला आला होता तेव्हा. निघायच्या आदल्या रात्री बॅग भरताना म्हणाला, "मामा, परेडशिवाय आरमाराचा इतिहास, परंपरा, डॉक्ट्रिन असलं पण शिकवतात म्हणे. ते नुसतं पाठ करायचं असतं का?"

मी पंधरा वर्षं इंजिनरूममध्ये काढली. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत शिकलो, तिथलं ब्रीद 'कर्मसु कौशलम्'. त्याच्या वयाचा होतो तेव्हा ते ब्रीद रोज नजरेसमोर असायचं, पण त्याचा अर्थ मला कुठल्या वर्गात कळला नाही. तो कळला पहिल्या जहाजावर, रात्री बारा ते चारच्या वॉचमध्ये, म्हणजे पहाऱ्यात.

काम साधं होतं. दर तासाला फेरी मारायची, प्रत्येक मीटर बघायचा, आकडा लॉगमध्ये लिहायचा. शाफ्टच्या एका बेअरिंगचा थर्मामीटर अडचणीच्या जागी होता. तिथवर जायचं म्हणजे फ्लोअर प्लेटवर गुडघे टेकून टॉर्च घेऊन आत वाकायचं. जहाज डोलत होतं, मला मळमळत होतं. त्या तासाला मी वाकलो नाही. आधीच्या तासाचा आकडा तसाच खाली उतरवला. थोड्या वेळाने आमचे पी.ओ. (पेटी ऑफिसर) आले, लॉग वाचला, एक अक्षर न बोलता माझं मनगट धरलं आणि माझा तळवा त्या बेअरिंगच्या कवचावर नेऊन ठेवला. चटका बसला म्हणून मी हात मागे ओढला. त्यांनी वर कळवून इंजिनाचा वेग कमी करायला लावला, तेल बघितलं, मग म्हणाले, "तुझ्यानंतर येणारा हाच आकडा खरा धरणार होता." दुसऱ्या कुणाला त्यांनी हे सांगितलं नाही. पुढचा महिनाभर मात्र ते बेअरिंग माझ्याच वाट्याला दिलं.

मला भाच्याला हे सांगायचंय. पण एवढंच सांगून भागणार नाही. तिथे फोन मोजकाच मिळतो, म्हणून मी दर आठवड्याला पत्र लिहायचं ठरवलंय. कान्होजी आंग्र्यांची चार वाक्यं आणि 'जय भवानी' हे त्याला शाळेत मिळालंय. त्यापुढचं काय सांगू? इथे कोकणातले, नेव्हीतले, बोटीवरचे बरेच जण आहेत. तुम्ही असता तर काय लिहिलं असतं?

---

कुलाबकरीण

दादा, धागा वाचून राहवलं नाही. मी अलिबागला शाळेत इतिहास शिकवते. ओहोटीला मुलांना चालत कुलाबा किल्ल्यात नेते, आणि परतताना गावातल्या कान्होजींच्या समाधीपाशी थांबते. ४ जुलै १७२९ ला ते गेले.

तुमच्या भाच्याला डॉक्ट्रिन (आरमार कशासाठी आणि कसं वापरायचं याची तत्त्वं) हा शब्द परका वाटत असेल तर त्याला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं आरमाराचं प्रकरण पाठवा. मराठी राज्यकारभारावरचं ते लिखाण, १७१५ च्या सुमाराचं. मी ते नववीच्या मुलांना वाचून दाखवते. आरमार म्हणजे स्वतंत्र एक राज्यांगच आहे, अशी सुरुवात आहे. मग ते प्रसिद्ध वाक्य: ज्याच्याकडे घोडदळ त्याची पृथ्वी, तसं "ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र". लोक इथे टाळ्या वाजवून थांबतात. खरी गंमत पुढे आहे, कारण अमात्य लगेच हिशेबावर येतात. गुराबा (लढाऊ नौका) फार थोर नकोत, फार लहानही नकोत. एका सुभ्याला किती गुराबा आणि किती गलबतं द्यायची तेही सांगतात: पाच आणि पंधरा. आरमाराचा पगार बंदराच्या उत्पन्नावर लावू नका, कारण मग आरमारवाले सावकारांना पिडतील आणि व्यापार बसेल. लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, किंमत देऊन तोडायचं.

मला हे वाचताना दर वेळी भरून येतं. लढाईचं प्रकरण लिहिणारा माणूस फणसाच्या झाडाच्या मालकाचा विचार करतो. आरमार कुणाच्या जिवावर उभं राहतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि दादा, एक कडू गोष्टही लिहा. आज्ञापत्रानंतर जेमतेम चाळीस वर्षांनी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गाच्या खाडीत कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचं आरमार जळालं. समुद्रातून अ‍ॅडमिरल वॉटसनची इंग्रजी गलबतं होती, क्लाइव्ह बरोबर होता, आणि जमिनीवरून आपल्याच पेशव्यांची फौज. तुळाजी आणि पेशवे यांचं का बिनसलं याला दोन्हीकडची कारणं आहेत, पण राज्याचं एक अंग राज्यानेच तोडायला मदत केली हे खरंच आहे. मुलं विचारतात, "मॅडम, मग चूक कोणाची?" मी त्यांना आज्ञापत्रातल्या त्या प्रकरणाचं पहिलं वाक्य परत वाचायला सांगते.

---

शंकासूर

ताईंचा प्रतिसाद उत्तम, आज्ञापत्र मूळातून वाचायला घेतोय. पण मला एक गोष्ट कायम खटकते आणि ती मनापासून विचारतोय.

वारसा शिवरायांचा म्हणायचा, पण जहाजावरचे रोजचे रिवाज कुणाचे? सकाळी आठला ध्वज, अधिकारी चढला की शिट्टी, क्वार्टरडेकला (जहाजाच्या मागच्या डेकला) सॅल्यूट, घंटा, डॉग वॉच. सगळं रॉयल नेव्हीचं. मग त्या मुलाला आपण काय शिकवतो? साहेबाच्या सवयी आणि वर आपलं लेबल?

---

जुना_सिग्नलवाला

शंकासूर, रास्त प्रश्न आहे. मी सिग्नलमध्ये होतो, झेंडे आणि दिवे हेच आयुष्य. थोडं लांबण लागेल.

आधी शिट्टी. बोसनच्या (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या) शिट्टीला तोंडाशी एक नळी असते, टोकाला लहान गोळा, गोळ्याला भोक. ती मुठीत धरतात आणि बोटं गोळ्याभोवती उघडमीट करून स्वर बदलतात. मूळ स्वर दोनच, खालचा आणि वरचा. बाकी सगळी करामत बोटांची आणि श्वासाची. शिकायला लागलो तेव्हा आठवडाभर नुसती हवा बाहेर पडायची. ही शिट्टी मानपानासाठी जन्मली नाही. वारा सुटला आणि लाटा आपटू लागल्या की माणसाचा आवाज डेकच्या टोकापर्यंत पोचत नाही, शिट्टीचा पोचतो. पाहुण्यांना दोरीच्या पाळण्यातून वर ओढून घेत, तेव्हा 'ओढा', 'थांबा' हे शिट्टीवर सांगत. पाळणा गेला, शिट्टी राहिली आणि तिचा मान झाला.

डॉग वॉचचं तसंच. चोवीस तासांचे चार-चार तासांचे सहा पहारे केले तर ज्याला रात्रीचा बारा ते चार मिळाला त्याला तो रोजच मिळणार. म्हणून संध्याकाळी चार ते आठचे दोन तुकडे करतात. पहारे सात होतात, सम संख्या मोडते, रोज पाळी सरकते. यात साहेबाचं काय आणि आपलं काय? झोपेचा न्याय आहे तो.

ध्वजाची गोष्ट वेगळी. तिथे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. २६ जानेवारी १९५० ला युनियन जॅक जाऊन कोपऱ्यात तिरंगा आला, पण सेंट जॉर्जचा लाल क्रॉस तसाच राहिला. २००१ मध्ये तो काढला, २००४ मध्ये परत आला, मध्यभागी सिंहमुद्रा घेऊन. २०१४ मध्ये तिच्याखाली 'सत्यमेव जयते' जोडलं. अखेर २ सप्टेंबर २०२२ ला कोचीला विक्रांत नौदलात दाखल झाली त्या दिवशी क्रॉस कायमचा गेला आणि निळ्या अष्टकोनात नांगर आणि सिंहमुद्रा आली. तो अष्टकोन महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला. खाली 'शं नो वरुणः'. हे ब्रीद राजाजींनी सुचवलं होतं. निवृत्त झाल्यावर मी तो ध्वज प्रथम टीव्हीवर पाहिला. उभा राहिलो. घरचे बघत राहिले.

आयुष्यभर संध्याकाळी ध्वज उतरवताना एकच काळजी असायची, कापडाचं टोक डेकला टेकता कामा नये. दोघं लागतात. एक दोरी सोडतो, दुसरा हातावर घेत जातो, घाई न करता, सूर्य बुडेल त्या गतीने. ते हात ध्वज बदलल्यावरही तेच राहिले.

राहिलं नारळाचं. आपल्याकडे नवं जहाज पाण्यात सोडतात तेव्हा नारळ फुटतो आणि अथर्ववेदातली ऋचा म्हणतात. हे कुणी लंडनहून आणलेलं नाही.

---

बंदर_जेटी

सिग्नलवाले काका, नारळाचं बोललात म्हणून येतो. मी मालवणचा. माझो आजो तांडेल होतो, बापाशीकडे मचवो होतो. नारळी पौर्णिमेक दर्याक नारळ दिल्याशिवाय पाण्यात कोण पाऊल टाकीत नाय. (मुंबई-पुण्याच्या मंडळींसाठी पुढे प्रमाण मराठीत.)

शंकासूर यांना मला उलटं सांगायचंय. साहेबानेही आपल्याकडून पुष्कळ उचललं. सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, हा आपल्याकडे रुळलेला शब्द, तो इंग्रजीत सेरँग होऊन जगभरच्या बोटींवर गेला. तांडेल तसाच गेला. इंग्रजांच्या वेळच्या रॉयल इंडियन मरीनमध्ये रत्नागिरी किनाऱ्यावरचे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यात कोकणी मुसलमान फार मोठ्या संख्येने. सारंग, तांडेल, नाखवा ही आडनावं आजही आमच्या किनाऱ्यावर मतदार यादीत सापडतील. आणि जगातल्या यच्चयावत खलाशांनी अंगात घातलेली डंगरी? तो शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आला. डोंगरीचं जाडंभरडं कापड.

इंजिनरूम काका, तुमचा भाचा जो पोशाख घालून इंजिन पुसेल त्याचं नाव मुंबईचं आहे हे त्याला नक्की लिहा.

डिसेंबर २०२३ मध्ये नौसेना दिन आमच्याकडे तारकर्लीला झाला. सिंधुदुर्गाच्या समोर युद्धनौका उभ्या होत्या. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर पाया घातला तो किल्ला अलीकडे आणि पलीकडे करड्या रंगाची ती जहाजं. आमच्या शेजारची म्हातारी वाळूत बसून बघत होती. तिचा घरकार (नवरा) समुद्रात गेला, परत आला नाही. ती एवढंच म्हणाली, "इतकी मोठी जहाजा, पण पाणी ताच."

---

टीसकाठचा

धागा बुकमार्क केला. मी मूळचा ठाण्याचा, गेली बारा वर्षं इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर आहे. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर हार्टलपूलला एक जुनं लढाऊ जहाज तरंगतंय, एचएमएस ट्रिंकोमाली. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेलं, वाडियांच्या हाताखाली, सागवानाचं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि पुढच्या पिढ्यांनी मुंबईच्या गोदीत जहाजामागून जहाज उतरवलं. ट्रिंकोमालीचे मुख्य कारागीर जमशेटजी बोमनजी वाडिया.

या धाग्यासाठी महत्त्वाचं पुढे आहे. हेच जहाज विसाव्या शतकात 'फुद्रोयां' या नावाने मुलांना दर्यावर्दीपणा शिकवणारं प्रशिक्षण जहाज होतं, थेट १९८६ पर्यंत. मुंबईच्या सुतारांनी तासलेल्या डेकवर इंग्रज पोरं गाठी मारायला शिकत होती. नंतर हार्टलपूलला त्याची डागडुजी झाली आणि जुनं नाव परत मिळालं.

मुलीला घेऊन गेलो होतो. खालच्या डेकवर छत इतकं बुटकं की मला पूर्ण वेळ वाकून चालावं लागलं. मुलगी सरळ चालत होती. तिने एका तुळईला हात लावला आणि विचारलं, "बाबा, हे झाड मुंबईचं?" म्हटलं, झाड मलबारचं, हात मुंबईचे.

---

सांगलीची_आई

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं. माझी मुलगी अग्निवीर आहे, चिलकाहूनच बाहेर पडली. आमच्या भागात मुलगी नेव्हीत गेली म्हटलं की लोक विचारतात, ऑफिसर का? कारण २०२२ च्या आधी नेव्हीत मुली ऑफिसरच व्हायच्या, सेलर म्हणून कुणाला घेत नव्हते. आता घेतात. मार्च २०२३ मध्ये पहिल्या तुकडीचं संचलन झालं ते सूर्य मावळल्यावर, दिव्यांच्या उजेडात. आपल्या सैन्यदलांत असं आधी कधी झालं नव्हतं. मी ते फोनवर पाहिलं होतं. तेव्हा आमची बारावीत होती, शेजारी बसून बघत होती, आणि तिथेच ठरवलं तिने.

तिला पोहता येत नव्हतं. कृष्णेच्या काठी वाढली तरी नाही, कारण पूर पाहिलेला. तिथे शिकली. पहिल्यांदा उंचावरून पाण्यात उडी मारायची होती तेव्हा वर उभी राहून रडली, असं तिनेच सांगितलं. शिकवणाऱ्या मॅडम ओरडल्या नाहीत. खाली पाण्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी इथेच आहे.

मला एक विचारायचं होतं. आमच्या घरात सगळे म्हणतात, तिच्यासमोर बुडालेल्या जहाजांचं बोलायचं नाही. पण तिला तिथे शिकवताना खुकरीबद्दल सांगितलं होतं. मी तिच्याशी त्यावर बोलावं की नको?

---

इंजिनरूम

ताई, बोला. माझ्या आईने मला खुकरीबद्दल एक शब्द विचारला नाही, आणि मलाही तिला सांगता आलं नाही. आम्ही दोघं एकमेकांना जपत राहिलो आणि सुट्टी संपायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौका, निपात, निर्घात आणि वीर, कराचीवर चालून गेल्या. नौसेना दिन ४ डिसेंबरला असतो तो त्यामुळे. त्या विजयाची गोष्ट सगळे सांगतात, सांगावीच. पण पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने आपली खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ सेलर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

मी दीवला गेलो होतो. टेकाडावर स्मारक आहे, काचेच्या घरात खुकरीची प्रतिकृती, समोर तोच समुद्र. मी इंजिनरूमचा माणूस. मी प्रतिकृतीच्या वॉटरलाइनच्या खाली कुठे इंजिन असेल तिथे बघत राहिलो. तिथे वॉचवर कोण होतं, त्याने त्या तासाचा आकडा लिहिला असेल का, हेच डोक्यात येत होतं.

मुलीला विचारा, जहाजात पाणी शिरलं तर तुझं काम काय? ती तुम्हाला सांगेल. दार कसं बंद करायचं, पंप कुठला, कुणाला कळवायचं, अंधारात कुठल्या बाजूने वर यायचं. हे तिला येतं हे तिच्या तोंडून ऐकलंत की तुम्हाला झोप लागेल. सगळं प्रशिक्षण त्या दहा मिनिटांसाठी असतं.

---

जुना_सिग्नलवाला

वरच्याला पूर्ण अनुमोदन.

डॉक्ट्रिनचं राहून गेलं. आपल्या नौदलाने पहिलं लेखी सागरी डॉक्ट्रिन २००४ मध्ये काढलं, २००९ मध्ये ते नव्याने लिहिलं. त्यात नौदलाची चार कामं सांगितली आहेत: लढणं, दुसऱ्या देशांशी नातं राखणं, समुद्रावर पोलिसाचं काम करणं, आणि संकटात मदत करणं. परीक्षेला चार शब्द पाठ होतात. पण जहाज तेच असतं आणि माणसंही तीच असतात, हे भाच्याला सांगा. आज तोफ साफ करणारा सेलर उद्या तांदळाची पोती उतरवतो. २००४ च्या त्सुनामीत आपल्याकडे हाहाकार असतानाही जहाजं श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाकडे निघाली होती. २०२० मध्ये कोविडच्या काळात जलाश्व आणि इतर जहाजांनी परदेशात अडकलेल्यांना घरी आणलं.

आणि मार्च २०२४ मधलं एमव्ही रुएन जहाजाचं प्रकरण. सोमाली चाच्यांनी पळवलेलं जहाज. आयएनएस कोलकाताने ते चाळीस तास धरून ठेवलं, विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरवले. शेवटी ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले. एवढ्या दमाने घेण्यात जी शिस्त आहे ती बातमीत दिसत नाही. चाळीस तास म्हणजे डॉग वॉच धरून दहाहून जास्त वॉच. तितक्या वेळा कुणीतरी कुणालातरी उठवलं, तितक्या वेळा पहारा हातोहात दिला, सांगायचं ते सांगितलं. डॉक्ट्रिन तिथे कळतं.

---

शंकासूर

सगळ्यांचे आभार. डॉग वॉचवर माझं मत बदललं. पण एक मुद्दा सोडत नाही.

१९४६ चं काय? वर सिग्नलवाले काका आले दोनदा, पण तलवारचं नाव कुणी काढलं नाही. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या एचएमआयएस तलवारवर, म्हणजे सिग्नल शाळेतच, सेलर लोकांनी काम थांबवलं. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्या. बघता बघता ७८ जहाजं आणि सुमारे वीस हजार सेलर त्यात आले. मुंबईचे गिरणी कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात दोनशेच्या वर माणसं गेली. हा वारसा शिकाऊ सेलरला सांगणार की शिस्तीला बाधा येईल म्हणून गाळणार?

---

जुना_सिग्नलवाला

बरोबर पकडलंत. मी टाळलं, कारण त्यावर लिहिताना हात जड होतो.

मी ज्या शाखेत होतो त्या शाखेची ती पोरं. वीस-बावीस वर्षांची, बिनतारी यंत्रावर बसणारी, म्हणून देशभरची खबर त्यांच्यापर्यंत आधी पोचायची आणि म्हणूनच बंडाची खबरही जहाजा-जहाजांवर इतक्या झपाट्याने गेली. कॅसल बॅरॅक्समध्ये सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ती जागा आज आयएनएस आंग्रे आहे. २३ तारखेला त्यांनी शरणागती पत्करली. पटेल आणि जिना दोघांनीही तसंच सुचवलं होतं. पुढे कितीतरी जणांना नौदलातून काढलं, आणि स्वतंत्र भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतलं नाही. सन्मान फार उशिरा झाला. कुलाब्याला आज त्यांचं स्मारक आहे.

शिकाऊ सेलरला हे सांगावंच. ऑफिसर होणाऱ्या मुलांना तर आधी सांगावं. ताटात काय पडतं आणि तोंडातून काय शब्द निघतो यावर जहाज चालतं, हे ज्याच्या हाताखाली माणसं येणार त्याने शिकायचंय.

---

कुलाबकरीण

काका, यावर स्वतंत्र धागा काढा. मी शाळेत वाचून दाखवीन.

---

इंजिनरूम

मंडळी, मनापासून आभार. आतापर्यंत दोन पत्रं गेली. पहिल्यात बेअरिंगची गोष्ट, दुसऱ्यात फणसाच्या झाडाची आणि डंगरीची. तिसरं तलवारवर लिहितोय, दोनदा फाडून झालं.

काल त्याचा फोन आला. पाच मिनिटं मिळाली. आवाज बसलेला, परेडमध्ये ओरडून. पोहणं अजून जमत नाही म्हणाला, पण पाण्यावर पडून राहता येतं. मग म्हणाला, "मामा, माझ्या शेजारच्या बंकवरचा पोरगा केरळचा आहे, कोळिकोडचा. मी त्याला कान्होजी सांगितले तर तो म्हणाला, आमचे कुंजाली मरक्कार त्यांच्या आधीचे. कोण ते?"

मला एवढंच ठाऊक होतं की मुंबईत आयएनएस कुंजाली आहे. नोकरीत असताना त्या फाटकावरून कितीदा गेलो असेन, नावाची पाटी वाचली असेन, पण कोण होता हा माणूस हे कधी कुणाला विचारलं नाही. रात्री बसून वाचलं. कालिकतच्या सामुद्री राजाचे चार पिढ्यांचे आरमारप्रमुख, सोळाव्या शतकभर पोर्तुगीजांशी झुंजले. चौथ्या कुंजालीला १६०० मध्ये गोव्यात नेऊन मारलं.

गोव्याचं कुणी आहे का इथे? ते नेमकं कुठे घडलं, आज त्या जागी काही खूण आहे का? पुढच्या रविवारच्या आत सांगितलंत तर दोन्ही पोरांना एकाच पत्रात कळवीन. त्या केरळच्या मुलाला मराठी येत नाही, भाचा वाचून सांगणार आहे.